उष्टावणाच्या आधी गोराईला

आम्ही बोरिवलीला राहतो आणि फिरायला गेलो गोराईला. म्हणजे जेट्टीवर उभं राहिलं की समोर दिसतं, तिथे. लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही खाडी ओलांडली. आमचे हे म्हणाले, बाळाला घेऊन लांब नको, आणि फोनवर जागा दाखवली. कौलारू घर, विहीर, माड, घरगुती जेवण. खाली राहून गेलेल्या लोकांनी लिहिलेलं. एकाने लिहिलेलं, स्वर्ग आहे. त्याच्याच खाली दुसऱ्याने, बाथरूममध्ये बेडूक आहे. मी म्हटलं, अहो, बेडूक म्हणतायत. हे म्हणाले, "स्वर्गात पण असतील की बेडूक."

मला बेडकाचं काय नव्हतं. माझा जीव दुसरीकडेच अडकलेला. मुलीला सातवा महिना लागलेला आणि वजन हलत नव्हतं, काटा आपला तिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडल्या, दूध पुरत नाहीये तिला, पेज द्या, केळं द्या, आजपासून चालू करा. आजपासून! त्यांना काय जातंय बोलायला, त्यांच्या घरी माझी सासू नाही. आमच्यात मामाने पहिला घास भरवायचा, उष्टावण करायचं, तोवर बाळाच्या तोंडात अन्न जायचं नाही. मुलीचं पाचव्यात नाहीतर सातव्यात, सहाव्यात चालत नाही. पाचव्यात माझ्या भावाला सुट्टी नव्हती. सहावा असाच गेला. आता येत्या रविवारी तो गावावरून चांदीची वाटी घेऊन येणार होता, आणि तोवर पोरीने काय करायचं, तर रीत पाळायची.

"चार दिवसांनी काय मरत नाय पोर," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून मीठ-मोहरी आणायला पळाल्या, दृष्ट काढायला. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, तुम्ही दोघी ठरवा. फार मोठ्या मनाचे आहेत.

तर असे आम्ही चौघं तिथे पोचलो. खोली छान होती. पंखा होता, आणि त्याच्या मनात आलं की फिरायचा पण. घरवाली मावशी एकटीच सगळं बघायची, जेवण, झाडलोट, पाहुण्यांचे टोमणे. शेजारच्या खोलीत अंधेरीचं एक जोडपं आलेलं, गावचं खरं जगणं अनुभवायला. आता खरा कोंबडा खरंच पहाटे आरवला, तर बाईंचा मूड गेला.

"मावशी, त्या कोंबड्याचं काहीतरी करा ना प्लीज."

"दुपारी करणारच हाय," मावशी म्हणाली. "तोवर ओरडू दे त्याला."

दुपारी ताटात तोच कोंबडा आला तशी बाईंनी फोडी बाजूला सारल्या. रस्सा मात्र दोनदा घेतला.

पण त्याच्या आधी सकाळी मी वाट लावून बसले होते. सासूबाई आणि हे समुद्र बघायला गेलेले, मी मुलीला घेऊन मागच्या चुलीपाशी बसले, आणि मावशीने उकड्या तांदळाची पेज उतरवली. त्या वासाने पोरगी माझ्या हातातून जवळजवळ पातेल्यातच चालली. तोंड उघडं, डोळे मोठे.

"अगं भुकेली हाय ती. दिसत नाय तुला?"

"उष्टावण व्हायचंय मावशी तिचं."

"मग मी कुठे देते? मी भांडी घासते, माझी पाठ हाय तुझ्याकडे." आणि खरंच पाठ फिरवून बसली.

मी आधी बोटाने दिलं, मग चमच्याने, आणि पोरीने चमचाच धरला, सोडेना. मी दाराकडे बघत होते, ती मिटक्या मारत होती. नंतर तिचं तोंड पुसलं, मान पुसली, नाकात शीत नाही ना तेपण बघितलं. चोराने काय पुसलं असेल असं.

संध्याकाळी चहाला सगळे ओटीवर. मी पोरीला पाजायला घेतलं तर तोंड फिरवते. परत घेतलं, परत फिरवते. पोट ढोलासारखं टम्म. 

"दूध का घेत नाय गो ही?" सासूबाईंनी तिला ओढून घेतलं आणि पोट चाचपलं. "सकाळपासून काय झालंय हिला?"

तेवढ्यात अंधेरीच्या बाई, "सो क्यूट, द्या ना जरा," म्हणत तिला घेऊन फोटोला उभ्या राहिल्या, पांढराशुभ्र कुर्ता घालून. आणि पोरीने भडाभडा त्यांच्या अंगावरच काढलं.  वाटलं मीच मारलं माझ्या लेकराला, रीत मोडली आणि हे झालं. कुर्त्यावर भाताची शितं स्पष्ट दिसत होती. आणि त्यांच्यात भोपळा. पिवळाधमक.

भोपळा? मी तर फक्त पेज दिलेली.

सासूबाई कुर्त्याकडे टक लावून बघत होत्या. "अगो, भोपळा ठीक आहे," त्यांच्या तोंडून गेलं, "पण हो भात खंयसून इलो?"

भात कुठून आला ते मला ठाऊक होतं, मी पोरीला घ्यायला पुढे झाले. अंधेरीच्या बाई तशाच उभ्या राहून खरं जगणं अनुभवत होत्या.

"सकाळी सुनेने, जेवायच्या आधी सासूने," मावशी फडकं आणत म्हणाली. "दोघींकडे पाठ करून माझी भांडी आज लई चकचकीत झाली."

"भोपळ्याला कोण अन्न म्हणत नाय," सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या. "भाजी ती." मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच, "हाडं लागत होती गो हाताला तिची. मी पण घाबरलेय." इतके दिवस मला वाटायचं, घाबरणारी मी एकटीच.

पोरगी मात्र पोट हलकं झाल्यावर हसायला लागली आणि बाईंच्या बिस्किटावर झडप घातली.

"मामाक कळता नये हां," सासूबाई म्हणाल्या. ह्यांना कळायचा प्रश्नच नव्हता, हे झोपाळ्यावर घोरत होते. घरी आल्यावर ह्यांनी पाच स्टार देऊन लिहिलं, निवांत जागा. त्याच्याच खाली बाईंचा एक स्टार.

रविवारी भाऊ आला, पाटावर बसला, पोरगी मांडीवर, चांदीच्या वाटीत खीर. त्याने चमचा भरायच्या आधीच हिने आ केला. घास गेला, परत आ.

"ताई, पहिल्याच घासाला कसं बरं जमलं गं हिला?"

"आमच्या घराण्यात हुशारच असतात पोरं," सासूबाई म्हणाल्या. भाऊ वाटी खाली ठेवायला लागला, एक घास झाला म्हणजे रीत झाली, तर त्यांनी त्याचा हातच धरला.

"ठेवतोस काय? भुकेली हाय ती, दिसत नाय तुला? भर."