आंबा मिळाला नाही त्या मंगळवारी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांब लाकडी काउंटर दिसतो. मागे मोठ्या खिडक्या. खिडक्यांपलीकडे सुपीरियर सरोवर असायला हवं, पण डिसेंबरचा बर्फ असा कोसळतोय की सरोवरावर आमचा निव्वळ विश्वास. डावीकडे कॉफीचं यंत्र, आणि त्याच्याइतकाच फुसफुसणारा हॉटेलमालक रेइनो. उजवीकडे खिडकीजवळच्या टेबलाशी ताठ पाठीने बसलेली लेनोर ट्रेव्हॅरो, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. आणि मधोमध, जिथे दिव्याचा उजेड नेमका पडतो तिथे, एल्मा निस्कानेन. तिच्यासमोर कॉफी. कॉफीशेजारी कागदी रुमालावर एक लिंबू.

कॉफीत कोणी लिंबू पिळत नाही. एल्माही पिळत नव्हती. ती त्याच्याकडे नुसती बघत होती. मधूनच बोटाने त्याला अंगभर कुरवाळत होती.

"एल्मा, सरबत करू का त्याचं?" रेइनोने विचारलं.

"हात लावून बघ!" एल्मा म्हणाली आणि लिंबू तिने रुमालात गुंडाळून घेतलं. थंडी वाजू नये म्हणून असावं.

सगळं हॉटेल आपापल्या कपात बघू लागलं. कारण एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. कळलंय हे मात्र कोणी कोणाला सांगत नव्हतं, आणि आमच्या गावात ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती.

एल्माची ओळख करून द्यायची तर आवाजापासून सुरुवात करावी लागते. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. तिला भोंगा कधी वाजवावा लागला नाही. खिडकी खाली करून ती हाक मारी, आणि दोन वळणांपलीकडची मुलंसुद्धा दप्तरं उचलून पळत सुटत. उन्हाळ्यात शाळा बंद असे. तेव्हा सरोवराकाठच्या, होड्या ठेवायच्या जुन्या नावघरात आमची नाटकं चालत, आणि एल्मा आमची प्रॉम्प्टर असे. विंगेत स्टुलावर बसून विसरलेलं वाक्य नटाला पुरवायचं, एवढंच तिचं काम. पण ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं आणि मग नट तेच पुन्हा म्हणायचा. एकदा एका खुनाच्या नाटकात आमच्या गुप्तहेराने अगदी शेवटी श्वास रोखायला लावणारा विराम घेतला. एल्माला वाटलं, हा विसरला. तिने विंगेतून खुन्याचं नाव खणखणीत सांगून टाकलं. टाळ्या तिला पडल्या. खुनी मी होते. मला अजून तो विराम ऐकू येतो.

गावातही तिचा हाच धंदा. रेइनोच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा गुपचूप बेत तिने रेइनोलाच सांगितला, वर केक कुठला आणायचा ते त्याला विचारलं. बातमी पोटात ठेवणं तिला शिंक दाबून धरण्यासारखं वाटे. मन सोन्यासारखं, पण त्याला झाकण नाही.

आदल्या वर्षी हे महागात पडलं होतं. तिची एकुलती एक मुलगी कारिन गरोदर राहिली. सहाव्या आठवड्यात कारिनने आईला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात पोस्टापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. नवव्या आठवड्यात ते मूल गेलं. मग कारिन जिथे जाई तिथे कोणीतरी हसून विचारी, "काय म्हणतंय बाळ?" आणि तिला प्रत्येक माणसाला, एकेकाला, सांगावं लागे. बातमी पसरवायला एल्मा होती. ती परत गोळा करायला कारिनच उरली. महिनाभर एल्मा हॉटेलात आलीच नाही. आली तेव्हा खूप हळू बोलत होती, आणि ते आम्हा कोणाला सोसत नव्हतं.

म्हणून या ऑक्टोबरात कारिनने आईला आपल्या स्वयंपाकघरात बसवलं, तेव्हा आधी दार लावून घेतलं. हे मला एल्माने नंतर सांगितलं, अर्थात दोघींची कामं करून.

"आई, चमचा खाली ठेव. ओरडायचं नाही."

"मी कशाला ओरडू?"

"सातवा आठवडा चाललाय."

एल्माने तोंड उघडलं. कारिनने त्यावर हात ठेवला.

"विसाव्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी असते. ती होऊन डॉक्टर ठीक म्हणेपर्यंत तुझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडायचा नाही. बाळंतपणाच्या खोलीत नवऱ्याखेरीज एकालाच येऊ देतात. गप्प राहिलीस तर तू माझ्याजवळ. बोललीस तर माझ्या सासूबाई."

"लेनोर?" एल्मा हाताखालूनच म्हणाली. "ती बाळाला आधी पाठ सरळ कर म्हणून सांगेल!"

"मग गप्प राहा. आणि त्यांनाही हे सगळं मी सांगितलंय. त्या लक्ष ठेवणार आहेत."

एल्माला त्या खोलीत जायचंच होतं. कारिनच्या जन्माच्या वेळी ती एकटी होती. नवरा आर्वो सरोवरात जहाजावर अडकला होता, आणि तिचा हात धरायला कोणी नव्हतं. मुलीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवून टाकलं होतं. त्यासाठी ती जीभसुद्धा गिळायला तयार होती.

पण कारिनच्या फोनमध्ये ते अ‍ॅप होतं. हल्ली सगळ्याच पोरींच्या फोनमध्ये असतं. दर मंगळवारी ते सांगतं, तुमचं बाळ आता अमुक फळाएवढं झालं. कारिन ते चित्र आईला पाठवी. आणि एल्माला फोनवरच्या चित्रावर माया करता येईना. तिला ते हातात घ्यायला हवं होतं. म्हणून ती दुकानात जाई, ते फळ घेई, आणि मग रोजच्यासारखी कॉफी प्यायला रेइनोकडे येई. फळ घरी ठेवून कशी येणार? एकटं कसं ठेवायचं?

सातव्या आठवड्यात ब्लूबेरी होती. ती कोणाच्या लक्षात आली नाही, कारण रेइनोने फडक्याने पुसताना ती खाली पाडली, आणि एल्माने गुडघ्यांवर बसून काउंटरखालून शोधून काढली. आठव्यात रासबेरी. मग ऑलिव्ह, मग सुकलेलं आलुबुखार, मग अंजीर. लिंबू आलं तेव्हा आमच्या गावातली सगळ्यात मठ्ठ माणसंसुद्धा समजून चुकली.

आता ती मुद्दाम करत होती की नाही? मी तिला चाळीस वर्षं ओळखते, आणि मला अजून सांगता येत नाही. विचारलं की ती डोळे मोठे करून म्हणे, "बाईने फळसुद्धा खाऊ नये का?" पण खाताना तिला कोणी पाहिलं नाही.

आणि गाव? गाव कधी नव्हे ते शहाण्यासारखं वागलं. कारिन रस्त्यात भेटली की आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो. कोणी तिच्या पोटाकडे बघायचं नाही. सगळी चौकशी फळाकडे व्हायची.

"काय एल्मा, सफरचंद कसं आहे?"

"छान आहे. सकाळी जरा मळमळतं."

"खातंय ना नीट?"

"लोणच्यावर चाललंय सध्या."

खिडकीजवळून लेनोर काटा बशीवर ठेवून विचारी, "एल्मा, काही विशेष?"

"काही नाही बाई. सफरचंदं स्वस्त झालीत."

लेनोर दर मंगळवारी येत होती. आधी ती आठवड्यातून एकदाही येत नसे. रेइनोची कॉफी म्हणजे कढवलेला पाऊस, असं तिचं मत होतं. तरी ती येई, एल्माच्या समोरच्या टेबलावर बसे आणि जाळी टाकी. "आजीपणाबद्दल तुझं काय मत आहे, एल्मा?" असं एकदा तिने सरळच विचारलं. एल्माचं तोंड उघडलं. कानशिलं लाल झाली. मग तिने वेलचीच्या निसूचा, म्हणजे आमच्या गोड पावाचा, अख्खा तुकडा तोंडात कोंबला आणि पाच मिनिटं चघळत बसली.

जानेवारी उजाडला. एकोणिसावा आठवडा. फक्त एक मंगळवार काढायचा होता. अ‍ॅप म्हणालं, आंबा.

आणि दोन दिवस असं वादळ झालं की फळांचा ट्रक वाटेतच गाडला गेला. दुकानात आंबा नाही, पेर नाही, संत्रं नाही. बटाटे मात्र पोत्यांनी. एल्माने फोनवरच्या आंब्याच्या चित्राशी बटाटे ताडून पाहिले. कुठलाच पुरेना. शेवटी तिने दोन घेतले, कारण दोन मिळून वजन बरोबर भरत होतं.

तिने ते रेइनोच्या काउंटरवर ठेवले. शेजारी शेजारी. दोन.

हॉटेलात जे घडलं ते मी उभ्या आयुष्यात कुठल्या प्रेक्षागृहात पाहिलं नाही. एकाचा चमचा पडला. चर्चच्या विणकाम मंडळातल्या दोघींनी सुया थांबवल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि पिशवीतून लोकरीचा दुसरा गुंडा काढला. रेइनो तर यंत्राला टेकला.

"दोन?" तो पुटपुटला.

"दोन," एल्मा समाधानाने म्हणाली. तिचा जीव वजनात होता.

आणि नेमकी तेव्हाच कारिन आत आली. मंगळवारी ती दुपारच्या जेवणासाठी पेस्ट्या न्यायला येते, मांस-बटाटा भरलेल्या, रेइनोच्या हातच्या. महिनाभर रेइनोने या मुलीसमोर तोंड बंद ठेवलं होतं. पण जुळं त्याला झेपलं नाही. त्याने पिशवीत दोन भरल्या, मग तिसरी टाकली, मग चौथी.

"रेइनो, मी दोनच सांगितल्या होत्या."

"घेऊन जा, पोरी," तो डोळे पुसत म्हणाला. "आता तुला तिघांची भूक आहे."

कॉफीचं यंत्रसुद्धा थांबलं.

"तिघांची?" कारिन म्हणाली. मग सावकाश आईकडे वळली. "आई."

एल्माने दोन्ही हात तोंडावर धरले आणि जोरजोरात मान हलवली.

"आई, तू सांगितलंस."

"तिने एक शब्द काढला नाही," मी म्हणाले. "मग याला कसं कळलं?" कारिनने विचारलं. मी बटाट्यांकडे बोट दाखवलं.

कारिन बटाट्यांकडे बघत राहिली. मग आमच्या सगळ्यांकडे.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"मला लिंबापासून," रेइनो म्हणाला.

"आम्हाला अंजिरापासून," विणकामवाल्या म्हणाल्या.

"आणि जुळं नाहीये!" कारिन ओरडली. आवाज आईचाच. "एकच आहे! दोन कुठून आणलीत?"

"आंबा मिळाला नाही गं!" एल्मा हातांआडून रडवेली होऊन म्हणाली. "ट्रक आला नाही!"

विणकामवाल्यांनी दुसरा गुंडा गुपचूप पिशवीत टाकला. कोणी हसलं नाही. कारिनचा चेहरा बघून हसणं शक्यच नव्हतं. ती हळू म्हणाली, "आई, अट ठरली होती. एकच आठवडा राहिला होता." आणि तिने खिडकीकडे, सासूकडे पाहिलं. एल्मानेही पाहिलं. इतकं लहान मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

लेनोर उठली. स्कर्ट झटकला.

"माझी बॅग भरून तयार आहे," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून. ही बोलणार याची मला खात्री होती. दर मंगळवारी मी इथे बसून ही भयंकर कॉफी प्यायले, फक्त हिच्या तोंडून एक शब्द निसटावा म्हणून. मी हिला डिवचलं. एकदा तर मुद्दाम 'कारिनची तब्येत बरी दिसत नाही' असंही म्हणाले. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही." तिने हातमोजे चढवले. "मला आवडत नाही हे म्हणायला, पण अट हिने पाळली. फळांबद्दल तू काही ठरवलं नव्हतंस, कारिन. ती तुझी चूक."

कारिनने खुर्ची ओढली आणि बसली. "म्हणजे इतके आठवडे तुम्ही सगळे... आणि मला कोणी काही विचारलं नाही?"

"तू सांगशील तेव्हा ऐकायचं ठरवलं होतं," रेइनो म्हणाला. "मी म्हणजे... आजपर्यंत."

तेव्हा कुठे ती हसली. हसता हसता रडली, आणि एक पेस्टी तिथेच खाऊन टाकली.

"ठीक आहे. आत तूच येशील, आई. पण तिथेही हाच नियम. तुझ्या तोंडून शब्द नाही."

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. एकच होतं, आणि उत्तम होतं. कारिन हॉटेलात आली, मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक बातमी द्यायची आहे." आदल्या दिवशी मी सगळ्यांची तालीम घेतली होती. रेइनोला बजावलं होतं, जास्त करू नकोस. त्याने छातीवर हात ठेवला, "खरंच? शक्यच नाही!" म्हणत बशी फोडली. लेनोरने फक्त एक भुवई उचलली. काय अभिनय! मी टाळी आवरली.

जूनच्या सुरुवातीला आम्ही दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात बसलो होतो, मी, लेनोर आणि पेस्ट्यांची पिशवी घेऊन रेइनो. दुपार कलली तेव्हा एक नर्स बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "त्या आजींना बोलता येत नाही का? सकाळपासून हात धरून बसल्यात, आवाज नाही. मी खाणाखुणा करतेय त्यांच्याशी."

लेनोर हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग दार उघडलं आणि एल्मा आली. केस विस्कटलेले, मुलीच्या नखांचे ओरखडे मनगटावर, चेहरा असा की त्यावर वेगळा दिवा टाकायची गरज नव्हती. आम्ही तिघं एकदम उठलो.

"मुलगा की मुलगी? वजन किती? कारिन कशी आहे? बोल ना, आता बोल!"

एल्माने श्वास घेतला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कारिन छान आहे. बाकी तिलाच विचारा, बातमी तिची आहे, मी एक शब्द सांगणार नाही," ती म्हणाली. "नाक तेवढं माझ्यावर गेलंय."