तिनेच लिहिलेलं शिफारसपत्र

क्वांटम भौतिकीतली माझी ही तिसरी पोस्टडॉक. म्हणजे पीएचडी केव्हाच झाली, पण नोकरी अजून दोन-दोन वर्षांच्या करारावर. नंदुरबारला आई शेजारणींना सांगते, "आजून शिकीच ऱ्हायना." अजून शिकतोच आहे म्हणे; तिचं फारसं चुकत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत दोन महिन्यांसाठी एमएस्सीची एक मुलगी आली. आमच्या नंदुरबारजवळच्या कोरीटची. क्वांटम संगणकाचे क्युबिट थंड करायच्या यंत्राशेजारी कुणीतरी माझ्याशी अहिराणीत बोलतंय, याचं मला कोण कौतुक! एकदा तिच्या हातून दाबमापक फुटला. कुणी पाहिलं नव्हतं. तिने स्वतः येऊन सांगितलं.

पुढे पीएचडीच्या अर्जासाठी तिने माझ्याकडे शिफारसपत्र मागितलं. मी माझ्याच अर्जांत गळ्यापर्यंत बुडालो होतो. म्हटलं, "तूच लिहून पाठव, मी सही करतो." आमच्यात ही रीतच आहे. 'असा संशोधक क्वचितच भेटतो' हे वाक्य माझ्याबद्दल मीच लिहिलंय, माझ्या सरांनी फक्त सही ठोकली. पण अशा पत्रात स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची असते, हे तिला सांगायचं मला सुचलं नाही. तिचं पत्र आलं. मी न वाचता सही केली आणि पाठवून दिलं.

तिची निवड झाली नाही, तेव्हा कुठे मी ती फाइल उघडली. 'विद्यार्थिनी मेहनती आहे. इंग्रजी कच्चं आहे. विषय समजायला वेळ लागतो. तिच्या हातून एक दाबमापक फुटला.' खाली माझी झोकदार सही. पोरीने इमानदारीने स्वतःबद्दल खरं लिहिलं होतं आणि मी त्यावर शिक्का मारला होता. तिचं एक वर्ष मी घालवलं, तेही पाच मिनिटं वाचवायला.

या दिवाळीत घरी गेलो, तर ती कोरीटहून भेटायला आली. हातात आईसाठी वाळलेल्या लाल मिरच्यांची पिशवी.

"सर, तुम्ही पत्र दिधं, तेच बहू शे. मन्हंच काही कमी पडनं व्हई."

आई पिशवी उघडून शिंकत होती. मग पोरीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"यंदा दुसरीकडे अर्ज करस. पत्र मी लिखी आनेल शे. तुम्हले तरास नको."

"नको," मी घाईने म्हणालो. "यंदा मी लिहितो."

ती गोंधळली. कागद तसाच हातात धरून तिने विचारलं, "काबरं सर? पहिला पत्रमा काही चुकनं व्हतं का?"

फुटलेला दाबमापक घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली होती, तशीच सरळ बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "छान होतं."