जोडीअक्काची सुतळी

जोडीअक्का कुणालाही एक पुस्तक देत नसत. दोनच देत. एक खरं आणि एक खोटं, सुतळीने आवळून बांधलेली. खोटं म्हणजे कथा-कादंबरी. खरं म्हणजे बाकी सगळं: प्रवास, इतिहास, मधमाश्या पाळणं, दातांची निगा. कुणी नुसती कादंबरी मागितली तर उंबऱ्यातच म्हणत, "नुसतं सारू पिऊन झोपतेस काय गं? भात नको?" आणि नुसता इतिहास मागणाऱ्याला, "कोरडा भात घशात अडकेल की, अण्णा."

बंगळुरात चामराजपेटेत आमच्या मराठी मंडळाची एक खोली होती, तिथे तीन कपाटं पुस्तकं. खोली उघडायची संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे ऐन चुलीच्या वेळी, आणि आत पुरुष पत्ते खेळत बसलेले. बायका जाणार कशा? म्हणून अक्का दोन खांद्यांना दोन पिशव्या लावून घरोघर जात. पन्नाशीच्या, बुटक्या, विधवा, पायात दणकट चामडी चपला. त्या चपलांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आई पदराला हात पुसून दारात यायची.

मी पत्रकांवर वाढलो. वडील छापखान्यात खिळे जुळवत आणि चुकलेल्या, उरलेल्या प्रती घरी आणत. संपाची पत्रकं, सभेची, दारूबंदीची. मुळाक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. मला उद्गारचिन्ह आधी आलं, पूर्णविराम नंतर. कादंबरी ही भरल्या पोटाची चैन आहे, असं मी अक्कांना तोंडावर सांगितलं. त्या "सरी, बरं" म्हणाल्या आणि भुताच्या गोष्टी व विहीर बांधण्याचं पुस्तक अशी जोडी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"माझा भुतांवर विश्वास नाही."

"विहिरीवर आहे ना? मग जा की, पत्रकअण्णा."

खोटं नेहमी वर, खरं खाली. असं का, म्हणून एकदा विचारलं. "वरचं बघून माणूस गाठ सोडतो," एवढंच म्हणाल्या.

पुस्तकं परत घेताना त्यांचा एकच प्रश्न असे: "यातलं खरं कुठलं निघालं?" मिळेल ते उत्तर त्या पेन्सिलीने एका वहीत उतरवून घेत. ती उत्तरं ऐकून माझं डोकं चक्रावायचं. शेजारचे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आजोबा सावत्र आईच्या कादंबरीला खरं म्हणाले आणि आरोग्याच्या पुस्तकाला धादांत खोटं, कारण त्यातला काढा पिऊन ते तीन दिवस आडवे होते. माझी आई म्हणाली, हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तक खोटं. "तीनशे पानं चालला तो माणूस, एकदाही भूक लागली नाही त्याला!" मी अक्कांना समजावलं, अहो, तो खरंच जाऊन आलाय, आत फोटो आहेत. "असतील की," म्हणाल्या. वहीत मात्र आईचंच उत्तर लिहिलं.

मग मंडळाच्या समितीने ठराव केला. पानांवर हळदीचे डाग पडतात, सबब पुस्तकं यापुढे खोलीबाहेर जाणार नाहीत. कपाटांना कुलूप लागलं, किल्ली चिटणिसांच्या खिशात गेली. अक्कांच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. ज्या लोकांना अज्ञानापेक्षा हळदीचा डाग मोठा वाटतो त्यांच्या कुलपावर घाव घातलाच पाहिजे. हे मी तेव्हा लिहिलं आणि आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. दोन दिवसांत पत्रक तयार झालं, वडिलांनी शंभर प्रती छापून आणल्या. त्यात अक्का होत्या: उपाशी, अनवाणी, तापल्या रस्त्यावरून ज्ञानाचं ओझं वाहणारी, कुलपासमोर ढसाढसा रडणारी अभागी स्त्री.

पहिली प्रत अक्कांना दिली. त्या कॉफी गाळत होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली.

"छान लिहितोस रे. बिचारी! कोण ही?"

"तुम्ही, अक्का."

"मी?" त्यांनी दारातल्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्वल्प बस. कॉफी घे." आणि शंभरच्या शंभर प्रती ठेवून घेतल्या. "मी वाटते."

आठवड्याने आमच्या घरी जोडी आली. कपाटं तर बंद! आईने सुतळी सोडली. वर माझं पत्रक, खाली अक्कांच्या वहीतली चार पानं, हाताने नकलून काढलेली: कुठल्या घरात काय वाचलं आणि खरं कुठलं निघालं. अशाच नऊ जोड्या समितीच्या नऊ घरांत गेल्या होत्या. खोट्याच्या जागी माझं पत्रक! मी तडक त्यांच्याकडे गेलो.

"माझं लिखाण खोटं?"

"त्यात मी अनवाणी आहे की."

"तो मुद्दा नाही! अन्याय हा मुद्दा आहे!"

"आहे की. म्हणून तर वर ठेवलं."

हे कौतुक होतं की चापट, ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या बैठकीत कुलूप निघालं, तेव्हा तर आणखीच कळेनासं झालं. अध्यक्ष मला म्हणाले, "तुझं वाचून गलबललं रे." चिटणिसांनी मात्र माझं पत्रक अर्ध्यावर फेकलं होतं. पण खालच्या पानांवर त्यांना स्वतःच्या बायकोचं उत्तर दिसलं. 'सुखी संसार कसा करावा' अशा विषयाच्या पुस्तकाला तिने "खोटं" म्हटलं होतं. किल्ली त्यांनीच आणून दिली, मान खाली घालून. अट एकच, पुस्तकांना कव्हरं घालायची. अक्कांनी ती माझ्या उरलेल्या नव्वद प्रतींची घातली, छापील बाजू आत. पुढे कित्येक वर्षं चामराजपेटेतली हळद माझ्या कोऱ्या पाठीवर सांडत राहिली. मग लढाई जिंकली कुणी? मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गेल्या वर्षी अक्का लेकीकडे हुबळीला राहायला निघाल्या. निरोप घ्यायला गेलो तर त्या पायरीवर बसल्या होत्या. मोतीबिंदू वाढलेला, चाचपडत माझा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोतीबिंदूचंच असेल असं धरून मी विचारलं नाही. पिशवीतून एक जोडी काढून दिली. "घरी जाऊन सोड."

घरी येऊन सोडली. वर विहीर बांधण्याचं ते पुस्तक, मला पहिल्यांदा दिलेलं. खाली माझं पत्रक, एका कव्हरावरून उतरवलेलं, घड्यांवर पिवळं पडलेलं. खाली, खऱ्याच्या जागी.

तेव्हा आठवलं की अक्का अनवाणी होत्या. पाय सुजलेले, चपलांत मावेनात. चपला दाराशी धूळ खात पडल्या होत्या आणि मी त्या ओलांडून आत-बाहेर केलं होतं.

नजर गेल्यामुळे क्रम चुकला, की मुद्दाम बदलला? विचारायला हुबळीला जायचं ठरवत होतो. दोन महिन्यांत त्यांच्या लेकीचं पत्र आलं, अक्का गेल्याचं.

जोडी मी पुन्हा बांधली, त्याच क्रमाने. अक्कांसारखी गाठ मला येत नाही, सारखी ढिली होते. परवा फडताळ पुसताना ती आईच्या हाताला लागली. तिने दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि नेमकं अक्कांच्या सुरात विचारलं, "काय रे, यातलं खरं कुठलं निघालं?"

आयुष्यात कधी उत्तर देताना थांबलो नव्हतो. म्हटलं, "स्वल्प थांब, आई."