अडीचशे चित्रांची चपराक

आमच्या बाबांचा हात बसलेला आहे, असं अख्खी बुधवार पेठ म्हणते. मी म्हणते, हो, बसलेलाच आहे, माझ्या डाव्या कानावर.

यज्ञेश्वर निफाडकर. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, त्यांची कॅमेरे दुरुस्त करायची खोली आहे. वय एकाहत्तर. लेन्स पुसून द्या म्हणून गिऱ्हाईक आलं, की चष्म्यावरून बघत विचारतात, "घरी रुमाल नसतो का आपल्याकडे?" असा तुसडा माणूस टिकला तो केवळ हातातल्या कसबामुळे. केसाएवढा फरक ते बोटानं ओळखतात. आणि तोच हात घरात, कारण असो नसो, फिरायचा.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आई, म्हणजे द्वारका, माझ्या आजीच्या आजारपणात चार दिवस माहेरी गेली होती. मी खोलीत खेळताना कोऱ्या फिल्मचा डबा उघडला. आत काय असतं ते बघायचं होतं, दुसरं काय! उजेडानं सगळी फिल्म गेली. बाबांनी उघड्या पंजानं कानाखाली अशी दिली, की मी लेथच्या, म्हणजे कातयंत्राच्या, पायावर जाऊन आपटले. कानातून रक्त आलं. पडदा फाटला तो फाटलाच, पुढं ऑपरेशननंही जुळला नाही. "आईला सांगायचं, ताप आला होता, तापात कान फुटला," ते म्हणाले. "बोललीस, तर दुसराही जाईल."

आईनं ते खरं मानलं. तेवीस वर्षं ती एकच वाक्य म्हणत आली, "मी गेले नसते तर पोरीचा ताप वेळेत उतरवला असता." त्यानंतर ती माहेरी कधी मुक्कामाला गेली नाही. आजी वारली तेव्हासुद्धा रात्री परत आली. मी सांगू शकत होते की! पण मला ते माझ्या तोंडून नको होतं. ज्यानं केलं त्यानं बोलावं.

मीही त्याच खोलीत शिकले, त्याच लेथवर. दोन वर्षांपूर्वी दत्तप्रसाद नावाचा एक दिग्दर्शक जिना चढून आला. त्याच्या सिनेमात भर लग्नात एक चपराक होती, आणि ती त्याला पडदाभर, अगदी सावकाश, चार बोटं रुंद मोठ्या फिल्मवरच हवी होती. नेहमीचा कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं काढतो. याला अडीचशे हवी होती. बाबांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे सेकंदाला सहा मीटर फिल्म पळणार, आणि पळतापळता अडीचशे वेळा थांबणार. आपण कधी रिक्षा तरी थांबवलीय का?" असं म्हणून त्याला वाटेला लावलं आणि त्याच संध्याकाळी कागद पसरून बसले.

फिल्म खाली ओढायला पोलादी नख, क्षणभर धरून ठेवायला पिन. वेग वाढला की नख फिल्मची भोकं फाडायचं. पहिल्याच महिन्यात एकशेऐंशीवर फिल्म तुटली. त्या वेगानं सुटलेली फिल्म म्हणजे कोयताच. बाबांची भुवई चिरली. रक्त डोळ्यात उतरत असताना त्यांनी हातोडा भिंतीवर फेकला, घड्याळाच्या चिंधड्या झाल्या, आणि मग मला म्हणाले, "बघत काय बसलीस, झाडू घे." पिना मोडल्या, गोळीसारख्या उडाल्या. एक माझ्या दंडात शिरली.

शेवटी उपयोगी पडला तो माझा मेलेला कान. मिस्त्री लोक मशीनचं दुखणं ऐकायला स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावतात आणि त्याची मूठ दातात धरतात. आवाज हाडातून चढतो. माझ्या डाव्या कानाला बाहेरचा गोंगाट ऐकूच येत नाही, पण आतली नस शाबूत आहे. त्यामुळे हाडातून येतं ते एकदम स्वच्छ ऐकू येतं. नख किती उशिरा सुटतंय, हे मी दातानं सांगायचे. एकदा मूठ दातात असतानाच फिल्म अडकली, कॅमेरा उसळला आणि माझा ओठ फाटला. बाबा धावत आले ते कॅमेऱ्याकडे. पिन शाबूत आहे बघून म्हणाले, "वाचली."

त्या दिवशी माझं डोकं सणकलं. तोंडाला फडकं धरून मी म्हणाले, "बाबा, यापुढं माझा कान फुकट मिळणार नाही. आईसमोर सांगा, ताप नव्हता, मी मारलं."

"जुनी मढी कशाला उकरतेस?"

"मढं कसलं, कान आहे."

ते पिन पुसायला लागले. मी चार दिवस खोलीत गेले नाही. पाचव्या दिवशी निरोप आला, "सांगतो. आधी कॅमेरा चालू दे." मी मूर्खासारखी गेले.

तीन महिन्यांनी अडीचशेवर फिल्म सुखरूप पळाली. चाचणी घ्यायची ती चपराकीचीच. खोटी चपराक या कॅमेऱ्यात लगेच पकडली जाते, असं बाबांचं म्हणणं होतं. आई दुपारचा डबा घेऊन आली होती. बाबा मला सहज म्हणाले, "उभी राहा. हळू मारतो."

"कपाळ माझं! मी नाही. तुम्ही उभे राहा, मी मारते."

"बापावर हात उगारणार?"

"कॅमेऱ्यासाठी, बाबा."

आई म्हणाली, "अहो, हा काय वेडेपणा?" पण बाबा कॅमेऱ्याकडे बघत राहिले, मग चष्मा काढून दिव्यांच्या उजेडात गेले. मी आईला बटण दाबायला सांगितलं. कॅमेरा किंचाळत वेग घेऊ लागला, खिडकीच्या काचा थरथरल्या. मी हात उचलला. बाबांनी डोळे मिटले, खांदा कानाशी नेला. अगदी मी करायचे तसंच. त्यांचे ओठ हलले, पण माझी नजर त्यांच्या गालावर होती, आणि त्या कल्लोळात ऐकू काही आलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखी शिवी असेल. मी मारली. सगळ्या तेवीस वर्षांच्या जोरानं मारली. त्यांची कवळी उडून टेबलाखाली गेली आणि ते लेथला धरून खाली बसले.

"फिल्म तुटली का?" बोळक्या तोंडानं त्यांनी आधी हेच विचारलं. नव्हती तुटली.

फिल्म धुवायला परदेशी गेली. तिची नक्कल पाच आठवड्यांनी आली, तीही दुपारीच. खिडकीला चादर लावून आम्ही तिघांनी ती भिंतीवर पाहिली. बाबांचा चेहरा भिंतभर. चित्र तसूभर हलत नव्हतं. मिटलेले डोळे, आणि मग ओठ. मशीन चालू असलं की आम्ही लेथवरची माणसं ओठच वाचतो, आणि मी तर अकराव्या वर्षापासून वाचतेय. दहापट सावकाश ते ओठ म्हणत होते, ताप नव्हता. मी मारलं.

त्याच्यानंतर माझा हात येतो. गाल लाटेसारखा नाकापर्यंत चढतो, दात तोंडातून बाहेर निघतात. ऐकलं असतं तर मारलं नसतं, असं मी म्हणणार नाही.

पण मला संताप आला तो वेगळाच. तेवीस वर्षांनी बोलले, तेही कुणाला ऐकू जाणार नाही अशा जागी! त्यांचा कॅमेरा काय काय पकडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हे काय म्हणतायत गं?" आईनं विचारलं.

"मला नको विचारूस. ते बसलेत ना शेजारी."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चित्र स्थिर आहे," ते म्हणाले. मग ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "द्वारका, पूर्णिमाला ताप नव्हता. मी मारलं होतं. कान गेला तो तू नव्हतीस म्हणून नाही. मी मारलं म्हणून."

आईनं मांडीवरचा रिकामा डबा खाली ठेवला, आणि पदरानं तोंड पुसलं.

"पूर्णिमा," ती म्हणाली, "पुन्हा लाव. तू मारतेस तिथपासून."