त्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर शिकले

आमचे हे हैदराबादला बांधकामावर क्रेन चालवतात. दिवाळीची सुट्टी संपवून ते परत गेले, की लाखनीजवळच्या आमच्या गावात मी, सासूबाई आणि अंगणातला ट्रॅक्टर एवढेच उरायचो. चालवायला माणूस बोलवावा, तर धानाच्या हंगामात ज्याला हाक मारावी तो दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात.

त्या वर्षी लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, उशिरा येणारं भारी अजून उभं होतं. एका सकाळी ते म्हणाले, "चाल, तुले ट्रॅक्टर शिकवतो."

"मले? लोक हासतीन ना जी."

"हासू दे. मी गेल्यावर भारे का लोक आणून देतीन?"

रिकाम्या बांधीत त्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः मडगार्डवर बसले. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. त्यांनी पोत्याची घडी करून पाठीमागे लावली. क्लच सोडला की ट्रॅक्टर गचका खाऊन बंद पडायचा. एकदा तर पुढचं चाक तळ्याकडच्या बांधावरच चढलं आणि मी डोळे घट्ट मिटले.

"डोळे काहून मिटून राहिली? उघड, नाही तं तळ्यात जाऊ दोघं बी!" असं म्हणून ते इतके हसले, की मलाही हसू आलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी, सगळ्या शिवारासमोर आम्ही असे शेजारी कधी बसलो नव्हतो. माझं चुकलं की त्यांचा हात स्टिअरिंगवर यायचा. चुकायचं कमी झालं, तसा तो येईनासा झाला.

ट्रॉली मागे घेणं मात्र जमेना. स्टिअरिंग इकडे फिरवलं की ट्रॉली तिकडे जायची. ते शिकवायचं राहिलं आणि सुट्टी संपली. बसमध्ये चढताना ते एवढंच म्हणाले, "घाई नोको करू."

भारी धान कापलं. भारे आणायच्या दिवशी मी साडीवर त्यांचा जुना फुल शर्ट चढवला. खळ्यावर पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचायचं होतं, त्याच्या अगदी जवळ ट्रॉली मागे घेऊन लावायची होती. सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "येऊ दे... येऊ दे... थांब वं!" ट्रॉली तिरपी व्हायची, मी पुढे घ्यायचे, पुन्हा मागे. रस्त्याने जाणारे थांबून बघू लागले.

सासूबाई त्यांच्यावर खेकसल्या, "तमाशा हाये का इथं? भारे उतरवाले या!"

काही जण खरंच आले. ट्रॉली वाकडी का होईना, पण लागली.

मळणीच्या, आमच्याकडच्या भाषेत चुरण्याच्या, दिवशी मशीन ट्रॅक्टरला जोडून सुरू केलं आणि नेमका हैदराबादहून त्यांचा फोन आला. त्या आवाजात त्यांचं बोलणं मला ऐकू येईना, माझं त्यांना. मी फोन तसाच शर्टाच्या खिशात टाकला. पोती बदलायला मशीन थांबवलं तेव्हा पाहिलं, तर फोन चालूच होता. घाईघाईने कानाला लावला.

"मघा एक भारा जाड पडला ना?" ते म्हणाले. "इंजिनचा आवाज दबला होता."

"तुम्ही आतापर्यंत आयकूनच राहिले होते?"

"हो. आपल्या धानाचा चुरणा आयकून राहिलो होतो."

मशीन मी बराच वेळ सुरू केलं नाही.

त्यानंतर त्यांना दिवाळीची सुट्टी कधी मिळालीच नाही. येतात ते उन्हाळ्यात, तेव्हा बांध्या भेगाळलेल्या असतात आणि ट्रॅक्टर ताडपत्रीखाली. मी आता शेजाऱ्यांचेही भारे आणते. परवा ते फोनवर म्हणाले, "आता तं तुले सगळंच येते."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं. एखादी गोष्ट अजून शिकायची राहिली आहे, शिकवायला या, असं म्हणायला हवं होतं. ते आले असते का, कोण जाणे.

यंदाही भारी धान पिकून वाकलं आहे. उद्यापासून कापणी लागेल.