पत्रिकेची कोरी बाजू

मी शिकलो तो आमच्या तालुक्याचे जुने आमदार नाना यांच्यामुळे. गावोगावच्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे ढिगानं यायच्या आणि शिफारशीची चिठ्ठी ते पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. मला वसतिगृह मिळालं ते अशाच चिठ्ठीवर.

नाना निवडणूक हरले, त्यानंतर परवा त्यांना भेटलो. टेबल मोकळं होतं.

"काय नाना, चिठ्ठ्या बंद?"

"कागद कुठाय बाबा? आता लग्नाला कोण बोलावतंय!" ते हसले.

मला हसता आलं नाही. इतक्या वर्षांचा माणसांचा राबता एका पराभवानं आटावा?

घरी येऊन पत्र लिहिलं:

"नाना, मुलीचं लग्न ठरलंय. देवानंतरची पहिली पत्रिका तुम्हाला पाठवतोय. मागची बाजू कोरीच ठेवली आहे."