कागदावरचा नेम

आणीबाणीत माझे वडील वारले आणि त्यांची नेमबाजीची बंदूक घरात पडून राहिली. परवाना त्यांच्या नावावर होता. पोलीस येतील या धास्तीनं मी ती विकायला काढली. लष्करानं मोडीत काढलेल्या नेमबाजीच्या रायफली जमवणारे सांगलीचे एक जैन व्यापारी ती बघायला तासगावला आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नळीवर अंगठा फिरवला. तो एका जागी थांबला.

“ही बुजवलेली भोकं बघा. मूळची नेम धरायची साईट काढून शिकारीची बसवलीया.” त्यांनी बंदूक खाली ठेवली. “जीव घेतलेली आमी ठेवत न्हाई, ताई.”

“आवं, वडलांनी फक्त कागदावर नेम धरला,” मी म्हणाले.

आई दारातून बोलली, “पाटणच्या रानात एक हरणी मारली हुती. तवापासनं त्यांनी मटण सोडलं.”

“जल्मभर?” व्यापाऱ्यांनी विचारलं. आईनं मान डोलावली, तशी त्यांनी बंदूक उचलून मांडीवर घेतली.